दहापैकी तीन कशाचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कॉलेजात असल्यापासून मी हेवी मेटल ऐकतो. आता चाळिशी उलटली. दर शुक्रवारी जे नवे अल्बम येतात ते शनिवार-रविवारात ऐकून संपवायचे आणि मित्रांच्या गटात प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, हा माझा जुना शिरस्ता. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, पॉवर, प्रोग्रेसिव्ह, मेटलचा कुठलाच उपप्रकार मला वर्ज्य नाही. हल्ली मात्र कुणाशीच पटेनासं झालंय. मेटॅलिकाच्या ‘७२ सीझन्स’ला मी आठ दिले, ज्यूडास प्रीस्टच्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ला नऊ. ज्याचा सगळीकडे उदोउदो झाला त्या ब्लड इन्कॅन्टेशनच्या ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ला पाच, अल्सरेटला चार, बेल विचच्या एका लांबलचक गाण्याला तीन आणि स्लीप टोकनला ‘हे मेटलच नाही’ म्हणून शून्य. गटातला एक तरुण मुलगा म्हणाला, ‘दादा, तुम्ही १९९१ मध्येच अडकलात.’ एक जुना मित्र म्हणाला, ‘तू सगळं ऐकतोस आणि काहीच ऐकत नाहीस.’ तेव्हापासून लिहिणं बंद केलंय. माझा कान म्हातारा झाला का? लोकांना आवडतं म्हणून गुण वाढवून द्यायचे का? की आता गपचूप जुनंच ऐकत बसावं?

उत्तर:

तुमच्या मूळ पत्रात त्या तरुण मुलाचं म्हणणं खोडायला तुम्ही दीड पान खर्च केलंय आणि मित्राचं म्हणणं एका ओळीत उरकलंय. त्यावरून मित्राचंच जास्त लागलं ते कळतं. म्हणून मुलाचं आधी पटकन मिटवते.

तुम्ही १९९१ मध्ये अडकलेले नाही. तसे अडकलेले लोक २०२४ चा अल्बम ऐकायच्याच भानगडीत पडत नाहीत, त्याला नऊ गुण देणं तर दूरच. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ आला तेव्हा ज्यूडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफोर्ड ७२ वर्षांचा होता, आणि ‘पॅनिक अटॅक’ या पहिल्याच गाण्यात तो ज्या पट्टीत जातो ते ऐकून कुणीही हात जोडेल. मलाही तो अल्बम आवडतो. पण ज्यूडास प्रीस्टचा पहिला अल्बम १९७४ चा आहे हेही ध्यानात घ्या. दोन गिटारींची जुगलबंदी, एकदा ऐकलं की तोंडात बसणारं धृपद, धारदार उंच आवाज, पाच मिनिटांत आटोपणारं गाणं: तुमच्या फूटपट्टीवर ज्या खुणा आहेत त्यातल्या निम्म्याअधिक याच बँडने कोरल्यात. त्या पट्टीवर हा बँड नऊ भरला तर नवल नाही. नवल वाटतं ते एवढंच, की बाकीचे सगळे अल्बमही तुम्ही त्याच पट्टीवर आडवे ठेवलेत.

बेल विचला दिलेल्या तीन गुणांपाशी जरा थांबू, कारण खरी गोची तिथे आहे.

बेल विच म्हणजे दोनच माणसं. एक सहा तारांचा बेस वाजवतो, दुसरा ड्रम. गिटार नाहीच. २०२३ चा ‘द क्लॅन्डेस्टाइन गेट’ म्हणजे ८३ मिनिटांचं सलग एक गाणं. तुमची नोंद अशी: ‘वीस मिनिटं झाली तरी रिफ येईना. कंटाळा.’ अहो, रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, केव्हाच आलेली असते. फक्त ती इतकी संथ असते की तिच्या दोन ठोक्यांमधल्या अंतराला तुम्ही रिकामी जागा समजलात. बेल विचचा प्रकार फ्युनरल डूम, म्हणजे मुळातच संथ आणि जड असलेल्या डूममधला सगळ्यात संथ. त्यात ठोका पडतो, बेसची तार घुमत घुमत विझायला लागते, आणि ती पुरती विझायच्या आत पुढचा ठोका येणार की नाही, या टांगणीवर सगळं संगीत उभं असतं. सूर किती लवकर आला ते इथे कुणी बघत नाही. आलेला सूर किती सावकाश गेला ते बघतात. एकदा कान तिकडे वळवला की पन्नासाव्या मिनिटाला झालेला एवढासा बदलही दाणकन जाणवतो.

हे सगळं ओळखूनही तो अल्बम तुम्हाला नकोसा वाटला तर त्यात काहीच गैर नाही. मलाही तो ऊठसूट लावावासा वाटत नाही. पण मग ‘तीन’ हे कशाचे गुण? वेगाचे? वेगवान थ्रॅश म्हणून मोजायचं तर तीनही जास्तच झाले.

अल्सरेटच्या ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’बद्दल तुम्ही म्हणता की ‘एकही रिफ गुणगुणता येत नाही’. बरोबर आहे, नाहीच येत. न्यूझीलंडच्या या तिघांच्या गिटारी मुद्दाम एकमेकींना घासत, बेसूर होत जातात. गाणं पुढे कोण नेतं, तर ड्रमर. जेमी सेंट मेरॅट नुसता ताल धरत नाही, तो जवळजवळ एकल वादन करतो, आणि ध्वनिमुद्रण व मिक्सही त्याचंच. पुढच्या वेळी गिटारकडे सपशेल दुर्लक्ष करून फक्त त्याच्या झांजा ऐका. दहा मिनिटांत अल्बमचा चेहरा बदलतो की नाही बघा. ब्लॅक मेटलमध्ये पुन्हा तिसरीच तऱ्हा. तिथे ट्रेमोलो पिकिंग (एकच सूर तारेवर भराभर छेडणं) आणि ब्लास्ट बीट (ड्रमचे अखंड झपाट्याचे ठोके) इतके जलद असतात की त्यांचा मिळून एकच सपाट पडदा होतो, आणि चाल असते ती त्या पडद्याच्या वर, फार हळू बदलणाऱ्या स्वरांत. जवळून ऐकलं तर नुसती खरखर, चार पावलं मागे सरून ऐकलं तर चाल. पॉवर मेटलबद्दल मी काही सांगायला नको, तिथे तुमचा कान माझ्यापेक्षा तयार दिसतो.

आणि चुकीच्या पट्टीवर मोजणं काही आजचं नाही. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे गेली ती नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची. बोटांना त्रास होऊ नये म्हणून तो हलक्या तारा लावू लागला, पुढे त्या ढिल्याही ठेवू लागला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिऑलिटी’मध्ये काही गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे, आणि सगळा डूम तिथून निघाला असं म्हटलं तरी चालेल. त्याआधी १९७० मध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी तो झोडपून काढला होता. त्यांना बोजड वाटला. ब्लूज-रॉकच्या हिशेबाने तो बोजड होताच.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या जागी बरोबर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं? मुळीच नाही. ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य मला तर गुणांपेक्षाही आळशी वाटतं. अल्बमला काय साधायचं होतं हे ओळखल्यावर ते साधलं का हे विचारायला मोकळीक मिळते, आणि तिथे तुमच्या पाच किंवा तीन गुणांशी माझं भांडण नाही. माझं खरं भांडण आहे तुमच्या आठ गुणांशी.

‘७२ सीझन्स’ ७७ मिनिटांचा आहे. बेल विच ८३. फरक सहा मिनिटांचा. एकाच्या लांबीला तुम्ही कंटाळा म्हणालात आणि दुसऱ्याच्या लांबीचा उल्लेखही केला नाहीत. बेल विचला ती लांबी लागते, तिच्यावाचून ते संगीत उभंच राहत नाही. मेटॅलिकाला बाराही गाण्यांसाठी लागते का? ‘लक्स इटर्ना’ साडेतीन मिनिटांच्या आत काम उरकतं आणि अल्बमभर सगळ्यात ताजंतवानं वाटतं. शेवटचं ‘इनॅमोराटा’ अकरा मिनिटांचं असूनही खटकत नाही, कारण मध्ये सगळं शांत होऊन नुसता बेस उरतो आणि तिथून गाणं पुन्हा बांधलं जातं. पण अल्बमच्या मधल्या भागातली चार-पाच गाणी अशी आहेत की जिथे रिफ चांगली, कडवं चांगलं, आणि तरी सगळं एकदा जास्तच घोळवलंय. ही कात्री बँडनेच चालवायला हवी होती. हे तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही कानाडोळा केलात, कारण मेटॅलिका घरचं कार्य.

लांबीचं एक साधं कारणही असतं. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बसवणं भाग होतं. सीडीने ती मर्यादा ऐंशी मिनिटांच्या आसपास नेली, आणि आता स्ट्रीमिंगला कुंपणच नाही. स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ सुमारे २९ मिनिटांचा. २०२४ मध्ये नॉक्ड लूजने ‘यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू’ २७ मिनिटांत संपवला. त्यात ब्रेकडाउनवर ब्रेकडाउन (ठेका एकदम संथ आणि जड होतो अशा जागा) आहेत, अजून दहा मिनिटं चालला असता तर कानाने हात टेकले असते. त्यांनी थांबायचं कुठे हे ओळखलं. आयर्न मेडनचा २०२१ चा ‘सेन्जुत्सू’ ८२ मिनिटांच्या घरात जातो. त्यातली शेवटची तीन गाणी बेसवादक स्टीव्ह हॅरिसची, प्रत्येक दहा मिनिटांच्या वर. ‘हेल ऑन अर्थ’मधला एक क्षणही मी काढणार नाही. ‘द पार्चमेंट’ मात्र मी निर्दयपणे कापलं असतं. मेडनच्या भक्तांनी मला पत्रं पाठवावीत, वाचीन.

आवाजाच्या दर्जाबद्दल तुम्ही दोन ठिकाणी ‘भिकार प्रॉडक्शन’ असा शेरा मारलाय. तिथेही आधी हे ठरवा की तो आवाज निवडलेला आहे की बिघडलेला. १९९४ मध्ये आलेल्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ची सगळी वाद्यं डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडच्या फेनरिझने घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने मुद्रित केली. तो बारीक, थंड, खरखरीत आवाज काढून टाकला तर त्या अल्बममध्ये उरतं काय? तो निवडलेला. उलट मेटॅलिकाच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. अल्बम थोर, पण ती चूकच. आणि २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ मास्टरिंगमध्ये, म्हणजे आवाजाच्या शेवटच्या जुळवणीत, इतका चेपला गेला की जोरकस जागी आवाज फुटतो. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त मोकळी निघाली, हे चाहत्यांनीच दोन्ही शेजारी-शेजारी लावून पकडलं.

इथे एक कामाची गोष्ट. दोन अल्बमची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. कानाला जे थोडं मोठं लागतं ते आपसूक चांगलं वाटतं, यात भल्याभल्यांची फसगत होते. नव्वदीनंतरचे बरेचसे अल्बम मुळातच जास्त जोरात मास्टर केलेले असतात. बहुतेक स्ट्रीमिंग सेवांमध्ये पातळी सारखी करण्याची सोय असते, ती चालू ठेवा. मग चेपलेला अल्बम मोठा न वाटता नुसता चपटा वाटायला लागतो, आणि ड्रमला श्वास घ्यायला जागा ठेवलेला अल्बम वर येतो. तुमच्या यादीतले दोन-तीन निकाल एवढ्यानेच फिरतील, पैज लावायला तयार आहे.

‘पूर्वीसारखे अल्बम आता होत नाहीत’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय आणि दर वेळी पुरावा म्हणून १९८६. वर्ष खरंच वेड लावणारं होतं: ‘मास्टर ऑफ पपेट्स’, ‘रेन इन ब्लड’, मेगाडेथचा ‘पीस सेल्स’, क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’, कॅन्डलमासचा ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’. पण त्याच वर्षी तुमच्या लाडक्या ज्यूडास प्रीस्टने गिटार सिंथेसायझर वापरून ‘टर्बो’ काढला आणि जुने चाहते चिडले होते, हे मात्र यादीत नाही. त्या वर्षी आलेले शेकडो सामान्य अल्बम आज कुणी लावत नाही, म्हणून ते आठवत नाहीत. आणि नव्यांच्या बाबतीत? या शुक्रवारचा अख्खा ढीग, चांगलं-वाईट सगळं, तुमच्या पुढ्यात. काळाने निवडून ठेवलेल्या पाच अल्बमशी न निवडलेले चाळीस अल्बम झुंजवले तर निकाल आधीच ठरलेला.

आता ‘हे मेटलच नाही’. स्लीप टोकनचा ‘ईव्हन इन आर्केडिया’ मे २०२५ मध्ये आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत पहिला आला. त्याच्या दोनच आठवडे आधी आलेला गोस्टचा ‘स्केलेटा’ही तिथे पहिलाच. म्हणजे भांडायला विषय भरपूर. माझं मत विचाराल तर स्लीप टोकनचं मला फारसं रुचत नाही. पॉपच्या गुळगुळीत कडव्यानंतर एकदम जड गिटार कोसळते, पण बऱ्याचदा ती त्या कडव्यातून उगवलेली वाटत नाही, बाहेरून आणून ठेवल्यासारखी वाटते. हे मत चूक असू शकेल, पण निदान त्यावर कुणाला बोलता येतं. ‘मेटलच नाही’ यावर काय बोलणार? अल्बम कुठल्या खणात ठेवायचा आणि तो बरा की वाईट, या दोन गोष्टींची तुम्ही गल्लत केलीत. डेफहेवनचा ‘सनबेदर’ २०१३ मध्ये आला तेव्हा त्याच्या गुलाबी मुखपृष्ठावरूनसुद्धा ब्लॅक मेटलच्या सोवळ्या मंडळींनी डोकं आपटून घेतलं होतं. तो खरा ब्लॅक मेटल की नाही हे मला आजही ठरवता येत नाही, आणि तो उत्तम आहे याबद्दल कधी शंकाही आली नाही.

ऑपेथचं उदाहरण तर मजेशीर आहे. २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर त्यांनी ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) सोडला आणि निम्म्या चाहत्यांनी बँडच सोडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये ग्राउल परतला आणि तीच मंडळी ‘ऑपेथ परत आले’ म्हणून नाचू लागली. नीट ऐका. मेलेल्या घरधन्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय अशी ती कथा, शेवटचं सोडून गाण्यांना नावांऐवजी परिच्छेदांचे क्रमांक, जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडच्या इयन अँडरसनची बासरी आणि निवेदन. ग्राउल त्यात एखाद्या पात्रासारखा येतो-जातो. रचना मधल्या वर्षांच्या प्रोग्रेसिव्ह अल्बमचीच, फक्त जास्त घट्ट. म्हणजे जे परतले त्यांना ग्राउल हवा होता, ऑपेथ काय रचतात याच्याशी घेणंदेणं नव्हतंच. तुम्ही त्याला आठ दिलेत आणि कारण लिहिलंत, ‘ग्राउल आहे’. बघा बुवा.

ब्लड इन्कॅन्टेशनला दिलेले पाच मला समजू शकतात. ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये दोनच मोठ्या रचना, प्रत्येकीचे तीन भाग. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत मुद्रण, आणि ‘द स्टारगेट’च्या दुसऱ्या भागात टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथेसायझरवर. तुम्हाला ते ‘डेथ मेटलमध्ये उगाच घुसडलेलं’ वाटलं. पण याच बँडने २०२२ मध्ये ‘टाइमवेव्ह झिरो’ नावाचा निव्वळ ॲम्बियंट, म्हणजे वातावरणासारखा तरंगत राहणारा, अल्बम काढला होता. म्हणजे हे वेड त्यांच्यात आधीपासून आहे, कुणाला खूश करायला घातलेलं नाही. तरीही ‘द मेसेज’मध्ये डेथ मेटलवरून निवांत, तरंगत्या भागाकडे जाताना सांधा थोडा उघडा पडतो, असं मलाही वाटतं. हे लिहिलं असतंत तर तो तरुण मुलगा ‘१९९१’ म्हणाला नसता. तो म्हणाला असता, ‘कुठे? दाखवा.’

आता तुमच्या मित्राच्या ‘काहीच ऐकत नाहीस’कडे. मला वाटतं, सगळा घोळ शनिवार-रविवारात आहे. एका सुट्टीत सात-आठ अल्बम ऐकायचे म्हटल्यावर कान सरावाच्या खुणा शोधतो: रिफ आली का, धृपद बसलं का, पुढे चला. त्या घाईत ज्यूडास प्रीस्ट जिंकणार आणि बेल विच हरणार, अल्बम कसेही असोत. म्हणून गुण तूर्त बंद ठेवा, लिहिणं मात्र चालू करा. एका वेळी एकच अल्बम. पहिल्यांदा ऐकताना काही लिहू नका. मग एखाद-दोन दिवस मध्ये जाऊ द्या, दुसऱ्यांदा ऐका, शक्य तर वेगळ्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर, आणि चार-पाच ओळी लिहा. त्यात निदान एक जागा अशी हवी की वाचणाऱ्याला तिथे बोट ठेवता येईल. नमुना देते. तुमची नोंद: ‘७२ सीझन्स, ८/१०, जबरदस्त पुनरागमन.’ त्याऐवजी: ‘लक्स इटर्ना ऐकून १९८३ चा मेटॅलिका आठवला. मधली गाणी लांबली, प्रत्येकात एक फेरा जास्त आहे. इनॅमोराटाच्या मध्यावर बेस एकटा उरतो, तिथून शेवटपर्यंत अल्बमने मला पुन्हा धरलं. ५० मिनिटांचा असता तर वारंवार लावला असता.’ हे वाचून कुणी अल्बम लावेल, कुणी भांडेल. ‘आठ’ वाचून काय करणार?

लोकांना आवडतं म्हणून गुण वाढवू नका, हे वेगळं सांगायला नको. पण तुमच्या उलट टोकाचीही बरीच पत्रं येतात. ‘सगळे म्हणतात भारी आहे, मला काहीच वाटलं नाही, पण बोलायची भीती वाटते.’ त्या मंडळींनाही हेच. नाही वाटलं तर कुठल्या मिनिटाला लक्ष उडालं ते लिहा. ते लिहायला धीर लागत नाही, नीट ऐकलेलं असावं लागतं. आणि तीनदा ऐकूनही एखादा उपप्रकार अंगाला लागत नसेल तर त्यावर मत देणं बंद करा. मी ग्राइंडकोर या अतिवेगवान, कर्कश प्रकारावर कधी लिहीत नाही, ते याचसाठी.

‘कान म्हातारा झाला का’ हे तुम्ही लाक्षणिक अर्थाने विचारलंत, पण मी शब्दशःही उत्तर देते. वयानुसार वरच्या कंप्रतेचे आवाज आधी जातात, आणि मोठ्या आवाजाने होणारं नुकसानही बहुधा तिकडूनच सुरू होतं. झांजा पूर्वीपेक्षा मंद वाटतात, गर्दीत बोलणं समजत नाही, कॉन्सर्टनंतर कानात शिट्टी वाजत राहते, यापैकी काही होत असेल तर कान तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबल झाला की ही मुदत चार तासांवर येते. हेडफोन लावून विकेंडभर अल्बम संपवणाऱ्या माणसाने हा हिशेब एकदा मांडून बघावाच. कॉन्सर्टला जाताना इअरप्लग न्या. चांगले इअरप्लग आवाज कमी करतात, गढूळ करत नाहीत.

राहता राहिला तो मुलगा. त्याच्याशी वाद घालू नका, अदलाबदल करा. तो सांगेल तो एक अल्बम तुम्ही ऐकायचा, तुम्ही सांगाल तो त्याने, आणि दोघांनी पाच-पाच ओळी लिहायच्या, गुण नाहीत. त्याला ‘मास्टर ऑफ पपेट्स’ देऊ नका, तो त्याने कोळून प्यायलेला असणार. कॅन्डलमासचा ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ द्या. १९८६ चाच, पण त्या वर्षाच्या सगळ्या वेगवान गर्दीत मुद्दाम हळू चालणारा. तुम्ही तो कधीपासून ऐकताय, त्यामुळे त्याच्या ओळी आधी येऊ द्या. तुमच्या नंतर लिहा.